मोंबूकच्या बोकडाची उजवी बाजू

मोंबूक आणि रिव्हो ही दोन गावं एक करायची ठरली, तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं की भांडण होईल ते करावरून, नाहीतर पाण्यावरून. दोन्ही गोष्टी एका दुपारीत मिटल्या. खालच्या रिव्होचा कर कमी होता, तोच दोघांना लावायचा ठरला, आणि कमी कर भरायला वरच्या मोंबूकमध्ये कुणाची हरकत असणार? पाण्याचे नळ तर आधीपासून एकच होते. अडलं ते झेंड्यावर.

मोंबूकच्या झेंड्यावर बोकड होता. नावातच बोकड, नावातच डोंगर: तिथल्या भाषेत 'मों' म्हणजे डोंगर आणि 'बूक' म्हणजे बोकड. सोनेरी पार्श्वभूमीवर काळाकुळकुळीत बोकड, मागच्या पायांवर उभा, लाल शिंगं, लाल खूर, लाल जीभ. रिव्होच्या झेंड्यावर निळ्या पार्श्वभूमीवर चांदीची ट्राउट मासळी. रिव्होच्या ओढ्यात ट्राउट सापडून बरीच वर्षं झाली होती, पण मोंबूकमध्ये तरी बोकड कुठे उरले होते? सगळीकडे गायी. त्यामुळे त्या बाबतीत दोन्ही गावं सारखीच खोटी होती.

मोंबूकचा सरपंच आलोइस म्यूरिथ. गावातली चीज करायची दुग्धशाळा त्याची. उंचापुरा, छाती पुढे काढून चालणारा, आणि पांढऱ्या मिशांना रोज सकाळी वळण देणारा माणूस. त्याचे वडील सणाच्या मिरवणुकीत बोकडाचा झेंडा घेऊन सगळ्यांच्या पुढे चालत. वडिलांनी गावासाठी आणखी काय केलं हे कुणाला सांगता आलं नसतं, पण चालत मात्र फार छान, असं म्हातारे सांगत. आलोइसला वाटे, आपल्या कारकिर्दीत गाव नकाशावरून पुसलं गेलं तरी चालेल, बोकड पुसला जाता कामा नये.

रिव्होची सरपंच जर्मेन ओव्हर्ने. तिचं खिळे-बिजागऱ्या, कुऱ्हाडी आणि रंगांचे डबे विकायचं दुकान होतं. आलोइस आणि ती शाळेत एका वर्गात होते. शाळेत असताना आलोइसनं तिला एकदा ओढ्यात ढकललं होतं, आणि तिनं बाहेर येऊन काही न बोलता त्याचे बूट ओढ्यात टाकले होते. तेव्हापासून तिचा स्वभाव बदललेला नव्हता.

नव्या झेंड्यासाठी फ्रिबूर शहरातून एक जाणकार बोलावले. एव्हारिस्त पोनार नाव. निवृत्त गृहस्थ, काडीसारखे, गळ्याला बो. ढाली, मानचिन्हं, झेंडे यांचं शास्त्र त्यांनी जन्मभर उगाळलं होतं, आणि ते ऐकून घेणारं माणूस त्यांना फार दिवसांनी मिळत होतं. मोंबूकच्या कफेत पहिली बैठक झाली. आलोइस, जर्मेन, मोंबूकचा सुतार कानिझ्यूस, आणि दोन-चार रिकामटेकडे.

"मी म्हणतो, सोपं आहे," आलोइस म्हणाला. "अर्धा झेंडा पिवळा, अर्धा निळा."

पोनारसाहेबांनी डोळे मिटून घेतले. "पिवळा नाही. सोनं. आमच्या शास्त्रात पिवळा रंग नसतोच. पांढराही नसतो. ती चांदी."

"ऐकलंस ना आलोइस?" जर्मेन म्हणाली. "तुझ्या मिशा आजपासून चांदीच्या. जपून झोपत जा."

"सोनं आणि चांदी हे धातू," पोनारसाहेब पुढे चालूच. "बाकीचे रंग. धातूवर धातू ठेवायचा नाही, रंगावर रंग ठेवायचा नाही. ढाल मधोमध उभी विभागली तर ती चिरलेली. आडवी विभागली तर कापलेली. उजव्या खांद्याकडून तिरकी विभागली तर छाटलेली, डाव्या खांद्याकडून विभागली तर तासलेली."

"हे झेंड्याचं चाललंय की खाटकाचं?" कानिझ्यूसनं विचारलं.

तर ढाल चिरायची, हे ठरलं. एका भागात बोकड, एका भागात मासा. आता कोण कुठे? आलोइस उभा राहिला. त्यानं घरी आरशापुढे भाषण तयार केलं होतं. मोंबूकचं चर्च जुनं, मोंबूक उंचावर, मोंबूकचं चीज पॅरिसपर्यंत जातं, म्हणून मानाची उजवी बाजू बोकडाचीच, आणि यावर मोंबूक तडजोड करणार नाही.

"चालेल," जर्मेन म्हणाली.

आलोइसच्या तोंडात भाषणाची अजून दोन पानं शिल्लक होती. ती गिळताना त्याला त्रास झाला.

"चालेल म्हणजे?"

"म्हणजे घे उजवी बाजू. आम्हाला पण काहीतरी दे. दोन गावांची मिळून शाळा एकच राहणार आहे. ती खाली रिव्होत असू दे."

मोंबूकची शाळा लहान होती पण टुमदार होती. नवं छप्पर, अंगणात अक्रोडाचं झाड. आलोइसनं खांदे उडवले. "शाळा वर काय नि खाली काय. पोरं शिकल्याशी कारण. घे."

दोघांनी हात मिळवले. पांढऱ्या वाइनची बाटली उघडली गेली. दुसरा पेला भरताना पोनारसाहेब खाकरले.

"एक सांगायचं राहिलं. ढालीची उजवी बाजू म्हणजे बघणाऱ्याची डावी."

आलोइसनं पेला खाली ठेवला.

"काय?" आलोइस म्हणाला.

पोनारसाहेबांनी चीजचा लाकडी पाट उचलला, त्यावरचे तुकडे बशीत काढले, आणि पाट आलोइसच्या हातात दिला. "छातीपुढे धरा. ही तुमची ढाल. तुमचा उजवा हात कुठे आहे? हां. तीच ढालीची उजवी. आम्ही समोरून बघतो, आम्हाला ती डावीकडे दिसते. ढाल ज्यानं धरली त्याच्या अंगानं बोलायचं, बघणाऱ्याच्या अंगानं नाही."

मोंबूकचा सरपंच कफेच्या मध्यावर चीजचा पाट छातीशी धरून उभा. सगळे त्याच्याकडे बघतायत. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट शिरली, की आपल्याला फसवलं जातंय.

"मला उजवी म्हणजे उजवी पाहिजे!" तो गरजला. "लोक काय ढालीच्या मागे येऊन उभे राहणार आहेत? मोंबूकचा माणूस झेंड्याकडे बघेल तेव्हा त्याच्या उजव्या हाताला बोकड दिसला पाहिजे. लिहा तसं!"

"पण ती ढालीची डावी होते. कमी मानाची," पोनारसाहेब कळवळून म्हणाले.

"लिहा!"

"लिहा, लिहा," जर्मेननं दुजोरा दिला, आणि पाटावरून उतरलेला चीजचा मोठा तुकडा तोंडात टाकला.

घरी आलोइसची बायको ल्यूसेत सूप ढवळत होती. ल्यूसेत मोंबूकच्या शाळेत शिकवायची. गावातल्या अर्ध्या लोकांचे कान तिनं पिरगाळले होते आणि उरलेल्या अर्ध्यांच्या आईबापांचे. निवृत्त झाली तरी अक्रोडाची पानं झाडायला ती शाळेत जाई. आलोइसनं टोपी काढता काढता विजयाची हकिगत सांगितली. ल्यूसेतनं ती पुरी ऐकून घेतली.

"शाळा दिलीस?"

"अगं, शाळा काय, इमारत तर जागच्या जागीच राहणार."

"तू माझी शाळा बोकडाला खाऊ घातलीस, आलोइस."

"तुला यातलं राजकारण नाही कळायचं."

"मला शाळेतलं कळतं. तू तिसरीत असताना उजवा-डावा ओळखता यावा म्हणून तुझ्या आईनं तुझ्या एका बाहीला लाल दोरा बांधला होता. तुमच्या तेव्हाच्या बाई, मॅडम पाज, सांगायच्या. तो दोरा काढायला नको होता."

त्यानंतर ती त्याच्याशी जेवणापुरतं बोलू लागली, आणि जेवणही साधंच करू लागली.

आठवडाभर आलोइस गावात ज्याला त्याला विचारत सुटला, की समज, एक ढाल आहे, तर तिची मानाची बाजू कुठली? गाववाल्यांना ढालीशी देणंघेणं नव्हतं. पण पाद्र्यांनी सांगितलं की पोनार म्हणतात तेच खरं, चर्चमधल्या जुन्या थडग्यांवर नवऱ्याचं चिन्ह त्याच बाजूला आहे आणि बायकोचं दुसऱ्या बाजूला. आलोइसनं जाऊन थडगी बघितली. खरंच. म्हणजे त्यानं ओरडून, टेबलावर मूठ आपटून, बोकडाला बायकोच्या जागी नेऊन बसवलं होतं.

पुढच्या बैठकीत तो जरा हळू आवाजात म्हणाला, "मी विचार केला. शास्त्र ते शास्त्र. पोनारसाहेब म्हणतात तसंच करू."

"अरे, पण ठरलंय ना," जर्मेन म्हणाली. "माझ्या लोकांना मी सांगून बसले. ट्राउटला मान मिळाला म्हणून खाली लोक खूश आहेत. आता काय तोंडानं सांगू?"

खाली कुणालाच काही माहीत नव्हतं. हे जर्मेननं पुढे स्वतःच हसत हसत सगळ्यांना सांगितलं.

"काय पाहिजे तुला?" आलोइसनं विचारलं.

"मला काही नको. पण आगीचा बंब खाली ठेवायचा म्हटलं तर लोकांची समजूत निघेल."

कानिझ्यूसनं आलोइसची बाही ओढली. "अरे बाबा, माझं लाकडाचं कोठार वर आहे. बंब खालून चढून येईपर्यंत शेकायला निखारे उरतील फक्त."

"आग लागते कधी गावात?" आलोइस म्हणाला. "आणि बोकड रोज दिसणार आहे."

बंब खाली गेला.

मग चित्र आलं. पोनारसाहेबांनी स्वतः रंगवलं होतं, आणि चांगलं रंगवलं होतं. चित्रात ट्राउट उभी होती, तोंड वर करून, आणि तिची शेपटी खालपर्यंत पोचत होती. आलोइसनं फूटपट्टी मागवली. मासा बोकडापेक्षा उंच भरला. झालं! मासा आडवा झालाच पाहिजे. पोनारसाहेब म्हणाले, अरुंद जागेत आडवा मासा बारीक दिसेल. आलोइस म्हणाला, दिसू दे. झेंड्यावर प्राण्यांनी काठीकडे तोंड करायचं असतं, ते ठीक, पण माशानं बोकडाच्या डोक्यावर जायचं नाही. मासा आडवा झाला. या वेळी जर्मेननं काही मागितलं नाही. ती चित्राकडे बघत राहिली आणि तिच्या खांद्यांना हसू आवरेना. का, ते आलोइसला कळलं नाही.

खरी खडाजंगी पुढेच होती. झेंडा शिवायचं काम दोन्ही गावांच्या महिला मंडळानं घेतलं होतं. त्या बायकांनी चित्र पाहिलं आणि निरोप पाठवला: शिंगं शिवू, खूर शिवू, जीभ शिवू, पण पोटाखालची ती चौथी लाल गोष्ट आम्ही शिवणार नाही.

पोनारसाहेब म्हणाले की शास्त्राप्रमाणे नर प्राण्याचं नरपण दाखवायचं असतं, आणि ते लाल दाखवायचं असतं. आपल्या देशात जुन्या काळी एका प्रांतात दुसऱ्या प्रांताच्या झेंड्यावरचं अस्वल त्याशिवाय छापलं, तर दोन्ही प्रांत हातघाईवर आले होते.

दोन्ही गावांची एकत्र सभा भरली. आलोइसच्या आयुष्यातलं ते सर्वांत मोठं भाषण. समोर तीनशे माणसं, त्यांत पाद्री, आणि पहिल्या रांगेत हाताची घडी घालून ल्यूसेत.

"बंधुभगिनींनो! प्रश्न एका इंचभर लाल कापडाचा नाही!"

"इंचभर?" मागून कुणीतरी ओरडलं. "झेंडा केवढा आहे?"

"प्रश्न मोंबूकच्या इभ्रतीचा आहे! माझ्या वडिलांनी जो बोकड खांद्यावर वाहिला तो पुरा होता! आज खालच्या लोकांना आमच्या बोकडाची शेळी करायची आहे. मी सरपंच असेपर्यंत मोंबूकच्या बोकडाला कोणी हात लावणार नाही!"

"कोण लावतंय हात? त्यावरूनच तर अडलंय!" महिला मंडळातून आवाज आला, आणि सभागृह असं हसलं की पाद्र्यांना खिडकीबाहेर बघावं लागलं.

आलोइस मात्र हसला नाही. त्याचे डोळे भरून आले होते. मिशा थरथरत होत्या. हसणं ओसरलं तेव्हा जर्मेन उठली.

"मी शिवते," ती म्हणाली. "मला लाज नाही. दुकान चालवते, सगळं मोजून विकते. पण ग्रामपंचायतीचं कार्यालय खाली राहील."

"राहू दे!" आलोइस म्हणाला. त्यानं ते तसंच, भरल्या डोळ्यांनी, सभेसमोर म्हटलं. कुणी त्याला फसवलं नाही, कुणी काही लपवलं नाही. मोंबूकच्या दीडशे माणसांनी ते ऐकलं आणि टाळ्यासुद्धा वाजवल्या. दोष एकट्या आलोइसला देऊन भागणार नाही.

नव्या वर्षात गावं एक झाली आणि बर्फ वितळल्यावर झेंडा फडकला. अर्थात कार्यालयासमोर, म्हणजे खाली. बँड आला, चीज आणि वाइन आली. आलोइसनं दोरी ओढली. चौकोनी झेंडा वर गेला, वाऱ्यानं ताणला, आणि बोकड दिमाखात काठीकडे तोंड करून उभा राहिला. मानाच्या उजव्या बाजूला, म्हणजे डावीकडे. पुरा बोकड. आणि त्याच्या मागोमाग, शेपटीच्या अगदी रेषेत, तोंड वासून ट्राउट.

पहिल्यांदा हसू फुटलं ते बँडमधल्या तुतारीवाल्याचं. सूर घसरला. मग चौकभर खसखस पिकली. मासा बोकडाचं कुठं चावतोय हे सांगायला शास्त्राची गरज नव्हती.

"आलोइस," कानिझ्यूस त्याच्या कानाशी म्हणाला, "मासा उभाच बरा होता रे."

"मागच्या बाजूनं बघणाऱ्यांना तर बोकड उजवीकडे दिसतोय," आलोइस खचून पोनारसाहेबांना म्हणाला.

"मागची बाजू," पोनारसाहेबांनी त्याच्या हातावर थोपटलं, "शास्त्रात धरत नाहीत."

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर मोंबूकची शाळा उघडली नाही. पोरं सकाळी बसनं खाली जायची. पोरांना आणायला आया खाली जायच्या, आणि खाली गेल्या की पाव, भाजी, मांस तिथूनच घेऊन यायच्या. कफेवाल्यानं आठवड्यातून दोन दिवस कफे बंद ठेवायला सुरुवात केली. शाळेची इमारत झुरिकच्या एका दंतवैद्यानं सुट्टीतलं घर म्हणून घेतली. त्यानं अक्रोडाचं झाड तोडलं, कारण त्याच्या गाडीवर अक्रोड पडायचे. ल्यूसेत त्या रस्त्यानं जायची बंद झाली. आलोइसनं एकदा विषय काढला.

"मला वाटलं नव्हतं..."

"तुला वाटलं नव्हतं हे खरं आहे," ती म्हणाली. "आणि मी पहिल्या रांगेत बसले होते, मीही उठले नाही. मला वाटलं, एवढा रडतोय तर घेऊ दे त्याला त्याचा बोकड. तेव्हा आता दोघांनीही गप्प बसायचं."

नव्या पंचायतीत आलोइस साधा सदस्य म्हणून निवडून आला, तोही शेवटच्या क्रमांकानं. सरपंच झाला रिव्होचा एक तरुण हिशेबतपासनीस, नाव रेनो. त्याला सगळं ताजं हवं असायचं. दुसऱ्या हिवाळ्यात त्यानं लोझानहून एका जाहिरात कंपनीची बाई बोलावली. तिनं पडद्यावर एक चित्र दाखवलं. एक हिरवी लाट, एक निळी लाट, वर एक नारिंगी ठिपका.

"ही आपली नवी ओळख," रेनो म्हणाला. "पत्रांवर, गाड्यांवर, कचऱ्याच्या डब्यांवर. ढाल-बिल आता जुनं वाटतं. आणि खरं सांगायचं तर आपला झेंडा लोक मोबाइलवर एकमेकांना पाठवून हसतात."

आलोइसनं हात वर केला. "यात बोकड कुठे आहे?"

"हिरव्या लाटेचा चढ आहे ना," ती बाई गोड हसून म्हणाली, "त्यात एक झेप आहे. बोकडाची ऊर्जा."

"आणि उजवी बाजू कुठली?"

"माफ करा, काय?"

"काही नाही," आलोइस म्हणाला.

मतदान झालं. विरोधात हात वर करा म्हटल्यावर आलोइसनं केला. सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर येणार हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्यानं टेबलाकडे बघत केला. पण कुजबुज झाली ती दुसऱ्याच कशावरून तरी. त्यानं मान वर केली. समोर जर्मेनचाही हात वर होता.

"जर्मेनबाई, तुम्ही?" रेनोला धक्का बसला.

"मी त्या बोकडाच्या बदल्यात शाळा घेतली, बंब घेतला, आणि तू बसलायस ते कार्यालय घेतलं," जर्मेन म्हणाली. "बोकड द्यायचं मी कबूल केलंय. आता बोकडही काढून घ्यायचा, तर तो सौदा राहत नाही, दरोडा होतो. मी दुकानदार आहे, दरोडेखोर नाही."

दोन मतं विरोधात, सात बाजूनं. लाटा आल्या. झेंडा राहिला, पण राष्ट्रीय सणापुरता. एरवी काठीवर लाटा.

बाहेर चौकात जर्मेननं कोटाची बटणं लावली. बर्फ भुरभुरत होतं. आलोइस तिच्याजवळ जाऊन उभा राहिला.

"जर्मेन, शाळा परत देशील?"

"नाही," ती म्हणाली.

"मला वाटलंच."

"मग विचारलंस कशाला?"

"विचारायला पाहिजे होतं. तेव्हा नाही विचारलं, तर आता विचारलं."

जर्मेननं आपल्या गाडीचं दार उघडलं आणि म्हणाली, "बस. वरपर्यंत सोडते. बस निघून गेलीय तुमची."

घरी ल्यूसेतनं ताट वाढलं. बऱ्याच दिवसांनी तिनं बटाट्यांवर चीज वितळवून घातलं होतं. आलोइसनं मिशा पुसल्या.

"किती मतं पडली?" तिनं विचारलं.

"दोन. माझं आणि जर्मेनचं."

"म्हणजे एक शहाण्या माणसाचं होतं," ल्यूसेत म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी एक बटाटा ठेवला.